जयवंताबाई आणि जड मेंदू

हैदराबादच्या मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, असे बोलले जाई की जयवंताबाईंच्या हातचे कैरीचे लोणचे दोन दोन वर्षे नासत नाही, कारण त्या त्यात कॉलेजातले औषध घालतात. हे सांगण्यात शेजारच्या तारामतीबाई सर्वांत पुढे असत, आणि घरचे लोणचे संपल्याबरोबर वाटी घेऊन येण्यातही त्याच पुढे असत. समोरच्या पद्मावतम्मा आपल्या नव्या सुनेला तेलुगूतून बजावत, की त्या बाईपुढे फार वेळ उभे राहू नये. समोरच्याचे डोके किती वजनाचे हे ती नुसत्या नजरेने सांगते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी, "अम्मा के घर में फ्रिज नहीं है, मगर उनके पास का भेजा कभी खराब नहीं होता."

यातले थोडे खरे होते. मूसी नदीच्या काठावर एका जुन्या ट्रस्टने चालवलेले एक वैद्यकीय महाविद्यालय होते. त्याच्या शरीररचना विभागात जयवंताबाई नोकरीला होत्या, आणि माणसांचे मेंदू सांभाळणे हे त्यांचे काम होते. लोणच्याचे मात्र खोटे होते. त्या मीठ भरपूर घालत आणि बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला, मग तो घरचा असो की पाहुणा, चारचौघांत बोलत. एवढेच त्यामागचे रहस्य.

उदगीरकडच्या एका कोरडवाहू गावातून त्या लग्न होऊन हैदराबादेत आल्या होत्या. नवरा हिम्मतराव त्याच विभागात अटेंडर होता. १९८४ साली तो काविळीने गेला, तेव्हा मुलगी त्रिवेणी दहा वर्षांची होती. ट्रस्टने मयताच्या बायकोला त्याची जागा देण्याचे ठरवले. विभागप्रमुख डॉ. अप्पाराव यांची खात्री होती, की बाई पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडणार. त्यांनी आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत काळजीने विचारले, "डर लगेगा क्या, अम्मा?" जयवंताबाईंनी गावाकडे कोपरापर्यंत हात घालून तीन अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "साबून किधर रखते?"

काम त्या लवकर शिकल्या. ताजा मेंदू खरवसासारखा असतो. भांड्याच्या तळाशी ठेवला तर स्वतःच्याच भाराने बसतो, आणि एकदा बसलेला मेंदू कुठल्याच विद्यार्थ्याच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून त्याच्या बुडाशी असलेल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवायचा, मेंदू उलटा करायचा आणि द्रावणात अधांतरी टांगून ठेवायचा. तीन आठवड्यांत तो घट्ट होतो. जयवंताबाई पाळण्याच्या दोरीला मारतात ती गाठ मारत. अकरा वर्षांत त्यांच्या हातचा एकही मेंदू तळाला गेला नाही, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो त्यांनी लोणच्याच्या बाबतीतही कधी दाखवला नव्हता.

द्रावण म्हणजे फॉर्मलिन घातलेले पाणी. विभागात त्याला सगळे नुसते 'पाणी'च म्हणत. ताजे पाणी मोजकेच मिळे. म्हणून एकदा वापरलेले पाणी फेकून न देता मागच्या सिमेंटच्या टाकीत ओतायचे, त्यात थोडे स्पिरिट आणि बरेचसे मीठ घालून ते पुन्हा कामाला लावायचे, अशी हिम्मतरावांच्या आधीपासूनची वहिवाट होती. पुढच्या बाजूला पांढऱ्या चिनी मातीची टाकी होती, तिच्यात ताजे पाणी असे. कुठला मेंदू कुठल्या टाकीत जाणार, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पण खाजगी वॉर्डातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा मेंदू नातेवाइकांच्या संमतीने आला, की तो आपोआप पांढऱ्या टाकीत जाई. न जाणो, उद्या घरचे कोणी बघायला आले तर? रस्त्यावर सापडलेल्या, कोणी मागायला न आलेल्या माणसांचे मेंदू सिमेंटच्या टाकीत जात. गावाकडे पाटलाला घासलेल्या तांब्यात पाणी मिळते आणि गड्याला ओंजळीत. त्याबद्दल कोणी हुकूम काढत नाही आणि कोणी चूकही मानत नाही. जयवंताबाईंनीही ती रीत तशीच पुढे चालवली.

एकविसाव्या दिवशी वजन करायचे आणि वहीत लिहायचे. वहीत रकाने पाच होते: क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, व्यवसाय, वजन. टाकीचा रकाना नव्हता.

या वहीवर १९९२ साली डॉ. श्रीकांत रणदिवे यांची नजर पडली.

डॉक्टर मूळचे पुण्याचे. बारा वर्षे परदेशात मेंदूवर संशोधन करून ते आपल्या देशात परतले होते आणि तारनाक्याला भाड्याने घर घेऊन राहत होते. हातात चामड्याची बॅग, पायांत पांढरे बूट, बोलणे मात्र स्वच्छ आणि आर्जवी. वही चाळता चाळता ते उभ्यानेच खुर्चीकडे सरकले आणि बसायचे विसरले. आठ वर्षांच्या नोंदी, जवळजवळ तीनशे मेंदू, आणि प्रत्येकापुढे त्या माणसाचा व्यवसाय! आकडेमोड करून त्यांनी पाहिले, तर अधीक्षक, अभियंते, वकील यांचे मेंदू हमाल-रिक्षावाल्यांच्या मेंदूंपेक्षा सरासरीने सव्वाशे ग्रॅमनी जड निघाले. ज्यांच्यापुढे 'माहीत नाही' असे लिहिले होते, त्यांना डॉक्टरांनी सर्वांत खालच्या पायरीवर बसवले, आणि तेही आज्ञाधारकपणे हलके निघाले.

त्यातून डॉक्टरांचा सिद्धान्त उभा राहिला: माणसाचे समाजातले स्थान त्याच्या मेंदूच्या वजनात आधीच ठरलेले असते. वर जाणारा वर जातो, कारण त्याचा मेंदू जड असतो.

शहरात मोठा गदारोळ झाला. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि डॉक्टरांच्या प्रतिमेला डोक्याच्या जागी भोपळा बसवला; त्या भोपळ्याचे वजन किती होते, अशी चौकशी डॉक्टरांनी हसत हसत केल्याचे सांगतात. तारनाक्याच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रांत लांबलचक पत्रे लिहिली. पण ज्यांची त्या वर्षांत शहरात नव्याने कचेऱ्या थाटण्याची घाई चालली होती, त्या कंपन्यांना हा सिद्धान्त फार आवडला. बंजारा हिल्सच्या हॉटेलांत डॉक्टरांची व्याख्याने होऊ लागली. आपण साहेब का झालो याचे उत्तर इतके सोपे आणि इतके आपल्या बाजूचे असेल, हे साहेबांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

जयवंताबाईंना या वादातले काही कळत नव्हते, पण डॉक्टर आवडत. विभागात त्यांच्याशी मराठीतून बोलणारे ते एकटेच. पुण्याहून येताना त्रिवेणीसाठी ते आठवणीने बाकरवडी आणत. एकदा ते म्हणाले, "जयवंताबाई, तुमच्या वहीनं मला जे दिलं ना, ते बारा वर्षांच्या परदेशानं दिलं नाही."

"वही कॉलेजची हाय, साहेब. अक्षर तेवढं माझं."

"ते अक्षर आता अटेंडरच्या खुर्चीत बसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी खरोखरच जयवंताबाईंना तंत्रज्ञाच्या पदावर घ्यावे अशी शिफारस लिहिली. सातवी पास बाईला ते पद मिळाल्याचे उदाहरण ट्रस्टच्या इतिहासात नव्हते. अटेंडरला टेबल नसते, पांढरा कोट नसतो, आणि मेंदूला दोरा बांधणारे हात कोणाचे हे विचारले तर उत्तरात डॉक्टराचे नाव येते. जयवंताबाईंनी ही बातमी घरी सांगितली नाही. कागद हाती पडेपर्यंत आनंद करायचा नाही, हा त्यांचा शेतकऱ्याच्या घरातून आलेला नियम होता. पण त्या दिवसापासून त्या कॉलेजच्या मोठ्या जिन्याने वर जाऊ लागल्या.

त्रिवेणी एव्हाना बी.एस्सी. झाली होती. एम.सी.ए.च्या प्रवेशपरीक्षेत ती पहिल्यांदा थोडक्यात मागे पडली होती आणि दुसऱ्यांदा बसायची तयारी करत होती. कोठीच्या पुस्तकबाजारात जाऊन जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तके आणायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गणिते सोडवायची आणि आईने हाक मारली की "हौ, आले" म्हणून जागचे हलायचे नाही, असा तिचा क्रम होता. १९९५ सालच्या एका रविवारी जयवंताबाई बाजारातून आल्या, तर उंबरा रिकामा. पुस्तके दोरीने बांधून कपाटावर गेलेली.

"कुठं निघालीस?"

"त्या नव्या एसटीडी बूथवाल्याला मुलगी पाहिजे. विचारून येते."

"आणि परीक्षा?"

त्रिवेणीने वर्तमानपत्र आईपुढे धरले. डॉक्टरांची मुलाखत होती, अर्ध्या पानाच्या फोटोसह. इंग्रजी वाचता येत नसले तरी फोटोतला माणूस जयवंताबाईंनी ओळखला आणि त्या कौतुकाने हसल्या.

"हसू नको. तुझे साहेब काय म्हणतात, माहीत आहे? कष्टकरी घरातल्या मुलांना बुद्धीच्या शर्यतीत उतरवणं ही त्यांच्यावर दया नसून जुलूम आहे. त्यांचा मेंदूच त्या वजनाचा नसतो. हाताची कामं द्यावीत म्हणे, सुखी राहतील."

"असं म्हनाले?"

"छापलंय. तीनशे मेंदू मोजलेत. उगाच नाही चार मार्कांनी गेली माझी सीट. नक्को आता, आई. वजनच कमी असेल तर कशाला डोकं फोडून घ्यायचं?"

"कुणी मोजलं तुझं वजन?"

"तूच मोजलंस!" त्रिवेणी म्हणाली. "अकरा वर्षं. तुझीच वही आहे ना ती?"

ती चपला घालून निघून गेली. जयवंताबाईंनी हातातली पिशवी रिकाम्या उंबऱ्यावर ठेवली. त्यांच्या सासरी-माहेरी मिळून कोणीही कधी त्यांना इतके खरे आणि इतके झोंबणारे बोलले नव्हते.

त्या रात्रीच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडले. कारण त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती, आणि ती आता पाठ सोडत नव्हती. दोन वर्षांपूर्वी विभागात चुना मारायचा म्हणून पांढरी टाकी रिकामी करावी लागली होती. तिच्यात एका निवृत्त अधीक्षक अभियंत्याचा मेंदू होता. वजन करून, वहीत लिहून झालेला. तो महिनाभर सिमेंटच्या टाकीत ठेवला. परत काढताना सहज तराजूत घातला, तर जवळजवळ शंभर ग्रॅम उतरलेला. तराजू बिघडला असे समजून त्यांनी त्याला तेलपाणी केले आणि विषय सोडून दिला. माणूस जिवंतपणी निवृत्त झाला की घरात त्याचे वजन उतरते हे त्यांनी पाहिले होते. मेल्यावर पुन्हा कसे उतरेल? आता कैरीच्या फोडींवर मीठ टाकल्यावर त्यांना सुटणाऱ्या पाण्याकडे पाहत असताना त्यांना वाटू लागले, की तराजू बिचारा ठीक होता.

पण वाटणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. माणसांच्या मेंदूंना परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी त्या मलकपेठच्या मटणवाल्याकडे गेल्या.

"सहा भेजे दे. एकाच कळपातल्या बकऱ्यांचे. आणि साबूत पायजेत, जरा पन चिरलेले नक्को."

"सहा?" मटणवाल्याने सुरी खाली ठेवली. "क्या अम्मा, घर में दावत है?"

"इम्तिहान है."

"बच्ची का?"

"बकरों का," जयवंताबाई म्हणाल्या आणि डबा पुढे केला.

सहा भेजे घेऊन त्या स्वयंपाकघराकडे न वळता तडक रिक्षाने कॉलेजकडे गेल्या, हे गल्लीने पाहिले. पद्मावतम्मांनी सुनेला आत बोलावून दार लावले. तारामतीबाईंनी मात्र धीर करून दुसऱ्या दिवशी विचारले, "का हो, कॉलेजात आता बकऱ्यांनाही प्रवेश देतात वाटतं?" जयवंताबाई म्हणाल्या, "देतात. तुमच्याकडून कुनी बसनार हाय?"

त्रिवेणीला त्यांनी जबरदस्तीने बरोबर नेले होते. बूथवाल्याने तिला पहिल्या तारखेपासून यायला सांगितले होते, त्यामुळे तिला वेळच वेळ होता आणि तोंड फुगलेले होते. जयवंताबाईंनी प्रत्येक भेजा मधोमध कापून दोन अर्धे केले. बारा तुकडे झाले.

"आता मी दोरे बांधीन आणि टाकीत सोडीन. तू बाहेर उभी ऱ्हा."

"का?"

"तुला ठाव नको, कुठला कुठल्या पान्यात गेला ते. मग वजन तू कर. माझ्या हातावर माझाच भरवसा ऱ्हायला न्हाई."

त्रिवेणीने आईकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिले. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत प्रयोगाची इतकी नेमकी मांडणी तिला कोणी समजावून सांगितली नव्हती. तिने वहीचे कोरे पान काढले आणि रकाने आखले. या वेळी सहा.

बारा अर्धे सुरुवातीला तोलले, तेव्हा जोडीजोडीत गुंजभराचाही फरक नव्हता. एकविसाव्या दिवशी त्रिवेणीने ते पुन्हा एकेक करून तोलले. बूथवरची नोकरी सुरू होऊन आठवडा झाला होता. रविवारची पाळी तिने आजारी असल्याचे सांगून चुकवली होती. जयवंताबाई दोऱ्याचा क्रमांक सांगत, ती आकडा लिहून घेई. शेवटी आईने कुठला दोरा कुठल्या टाकीतला ते सांगितले आणि त्रिवेणीने आकडे दोन रांगांत लावले. मग कागदाकडे बघता बघता ती एकाएकी हसत सुटली. इतकी की तिला जिन्यावर बसावे लागले.

"काय झालं?"

"आई, हे उजवे अर्धे बघ. सगळे साहेब! सहाच्या सहा. पाच पाच ग्रॅम चढलेत. आणि डावे सगळे हमाल, उलटे उतरलेत. अगं, एकाच बकऱ्याचा उजवा मेंदू अधीक्षक आणि डावा रिक्षावाला!"

"पांढऱ्या टाकीतले उजवे," जयवंताबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. अकरा वर्षांत पांढऱ्या टाकीत कोणाकोणाला ठेवले, ते त्या मनात मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. नऊ दिवसांनी कॉलेजात मोठा परिसंवाद भरायचा होता, आणि डॉक्टर त्याच्या आमंत्रणपत्रिकांवर नावे घालत होते. जयवंताबाईंनी डबा उघडून टेबलावर ठेवला.

"हे साहेब," त्या एका अर्ध्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आणि हा हमाल."

डॉक्टर कौतुकाने पुढे झुकले. "वा! व्यवसाय काय होता म्हणालात?"

"पाला खायचा. दोन्ही एकाच बकऱ्याचे हायेत."

मग त्यांनी सगळे सांगितले: दोन टाक्या, ताजे पाणी, उष्टे पाणी, चुना मारताना शंभर ग्रॅम उतरलेला अभियंता, सहा बकरे. त्रिवेणीचा कागद पुढे ठेवला. डॉक्टर आधी हसले, मग हसता हसता थांबले, मग त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला.

"बकरा म्हणजे माणूस नव्हे, जयवंताबाई," ते अखेरीस म्हणाले. पण तो आवाज व्याख्यानातला नव्हता.

"मग मानसांचं करून बघा की. टाक्या दोन्ही तितंच हायेत."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तीन वर्षांत मागच्या खोलीत तुमी एकदा आला होता, चहा सांगायला."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. ते वाईट मनुष्य नव्हते, आणि म्हणूनच पुढचे वाक्य त्यांना जड गेले. "हे बघा. जुनं पाणी वापरत होता, हे बाहेर आलं तर पहिली चौकशी तुमची होईल. माझी नाही. तुमच्या बढतीचा कागद ट्रस्टच्या मंडळापुढे आहे. परिसंवादाच्या दिवशीच जाहीर व्हायचा आहे. तो दिवस जाऊ द्या. मग मी स्वतः दुरुस्ती छापीन."

"कवा?"

"रीतसर. सावकाश."

जयवंताबाईंनी डबा बंद केला. 'सावकाश' हा शब्द त्यांनी तालुक्याच्या कचेरीत लहानपणापासून ऐकला होता, आणि तो ऐकून परतलेला माणूस पुन्हा त्याच कामासाठी गेल्याचे त्यांना आठवत नव्हते.

घरी त्यांनी त्रिवेणीला पहिल्यांदाच बढतीचे सांगितले. कपाटावरची पुस्तके एव्हाना खाली उतरली होती, आणि बूथवाल्याला दुसरी मुलगी बघायला सांगून झाले होते. त्रिवेणी पेन्सिल खाली ठेवून आईजवळ आली.

"मग सांगूच नको ना कुणाला. मला कळलं, मी परीक्षेला बसते. झालं. अकरा वर्षं तू त्या पदाची वाट पाहिलीस."

"पाह्यली."

"ताज्या पाण्याचा हट्ट कुणी धरला नाही, त्यात तुझी काय चूक? आणि चौकशी बसली तर आहे ती नोकरीही जाईल, आई. मग?"

"मग तू हायेस की, कांपूटरवाली."

"मस्करी नको. मला कळलं ते पुरे नाही का?"

जयवंताबाई ताटातले तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला. "पेपर आपल्या एकट्याच्या घरी येतो व्हय?" त्या म्हणाल्या. पुढे काय करणार हे त्यांनी सांगितले नाही. बहुधा त्यांचे त्यांनाही तेव्हा ठरवता आले नव्हते. पुढचे आठ दिवस त्या कॉलेजात मागच्या जिन्याने गेल्या.

परिसंवादाच्या दिवशी सभागृह भरून गेले होते. पुढच्या रांगांत कंपन्यांचे टायवाले साहेब, मध्ये तारनाक्याचे प्राध्यापक, मागे दंडाला काळ्या फिती बांधलेले विद्यार्थी. डॉ. अप्पाराव अध्यक्ष होते. जयवंताबाईंना पहिल्या रांगेच्या कडेला बसवले होते, कारण शेवटी त्यांना शाल आणि नारळ द्यायचा होता आणि त्याच वेळी नव्या पदाची घोषणा व्हायची होती. त्यांनी हिरवे इरकल नेसले होते. त्रिवेणी मागे दाराशी उभी होती. टेबलावर घडी केलेला पांढरा कोट ठेवलेला होता. तो आपल्या मापाचा आहे, हे जयवंताबाईंना लांबूनच कळले.

डॉक्टर चांगले बोलले. पण नेहमी ज्या ठिकाणी ते थांबून श्रोत्यांकडे पाहत, तिथे त्या दिवशी ते टिपणांकडे पाहत होते. सव्वाशे ग्रॅमचा आकडा पडद्यावर आला, टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मागून कोणीतरी शिट्टी मारली.

मग प्रश्नोत्तरे सुरू झाली. तारनाक्याहून आलेले एक वयस्क प्राध्यापक उभे राहिले. ते म्हणाले, "मला सिद्धान्ताबद्दल काही विचारायचं नाही. मला एवढंच सांगा, हे सगळे मेंदू ठेवले कसे होते? सगळे एकाच पद्धतीनं?"

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. प्रश्न फारच घरगुती वाटला. डॉक्टरांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. 'हो' म्हणणे त्यांना सहज शक्य होते. 'नाही' म्हणणेही शक्य होते. त्यांनी दोन्ही केले नाही.

"ते काम आमच्या जयवंताबाई पाहतात," ते म्हणाले. "त्या इथेच आहेत." आणि त्यांच्याकडे वळून, मराठीत, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "जयवंताबाई, सगळे सारखेच ठेवले होते ना?"

त्या 'ना'मध्ये पुष्कळ काही होते: शाल, कोट, अकरा वर्षे, बाकरवडी. सगळ्या माना पहिल्या रांगेच्या कडेकडे वळल्या. दाराशी त्रिवेणीने नकळत मान हलवली, पण ती हो म्हणत होती की नको म्हणत होती, हे तिलाही नंतर सांगता आले नाही. डॉ. अप्पारावांनी माईक हातोहात पुढे पाठवला. जयवंताबाई उठल्या. त्यांनी माईक शेजारच्या टायवाल्याच्या हातात परत दिला. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा होता.

"न्हाई, साहेब. मोठ्या लोकांना मी ताजं पानी दिलं आनि बेवारशांना उष्टं. तुमी तीन वर्षं माझ्या टाक्याच मोजत होता."